लो बजेट सायको थ्रिलर करतोय, पण "ती उतरत का नाही?" याचं उत्तर मिळत नाहीये

खैरणेची_के

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब झालीये, चहा घेऊन बसा.

आम्ही कॉलेजच्या एकांकिका ग्रुपमधले पाच जण मिळून एक फिल्म करतोय, साधारण सव्वा तासाची, सायकॉलॉजिकल थ्रिलर, भूत नाही, रक्त नाही, चाकू एकदा दिसतो पण त्याने पेरू कापतात. बजेट सगळं मिळून साडेतीन लाख, त्यातले सव्वा लाख माझे, एफडी मोडलीये, आईला अजून सांगितलं नाहीये. सगळे नोकरीवाले आहोत, मी वागळे इस्टेटला, बाकीचे ऐरोली-महापे, त्यामुळे शूट फक्त शनिवार-रविवार.

गोष्ट अशी. मुलगी रात्री ठाण्याहून पनवेलकडे जाणारी शेवटची लोकल पकडते, लेडीज डबा, डब्यात ती आणि अजून एक बाई, बास. बाई पन्नाशीची, कॉटनची साडी, मांडीवर पिशवी, एकदम गोड. गप्पा मारायला लागते. हळूहळू कळत जातं की या बाईला हिच्याबद्दल जरा जास्तच माहिती आहे, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, ही कितव्या मजल्यावर राहते, घरी आज कोणी नाहीये हे पण. दुसऱ्या अर्ध्या भागात बाई थेट हिच्या दारात.

आता अडलंय कुठे, तर मी स्क्रिप्ट ज्याला वाचायला देते तो दहाव्या पानावर एकच विचारतो, ती उतरत का नाही? घणसोलीला उतर, शेजारच्या डब्यात चढ, संपला पिक्चर. मी आधी मोबाइलची बॅटरी संपवली, मग पाय मुरगळवला, आता तर पाऊस पण आणलाय, सगळं फाल्तू वाटतंय. दुसरं, ट्रेनमध्ये शूट कसं करायचं कारण परवानगीचे पैसे नाहीत. आणि तिसरं, सोसायटीला गेट आहे, वॉचमन आहे, अ‍ॅपवर अप्रूव्ह केल्याशिवाय डिलिव्हरीवाला पण वर येत नाही, मग ही बाई दारापर्यंत पोचते कशी? भिंतीवरून उडी नको प्लीज, गुडघे तिचे पण दुखतात.

---

ठाणे_वेस्ट_वाला

ट्रेनचं आधी डोक्यातून काढ. रेल्वेच्या हद्दीत शूट म्हणजे अर्ज, स्क्रिप्ट, लायसन्स फी, डिपॉझिट, विमा, सगळं आलं, तुझे साडेतीन लाख फलाटावरच संपतील. आणि चोरून करायचं म्हणशील तर आम्ही केलंय ते, शॉर्टफिल्म होती, कॅमेरा आणि एक छोटी लाइट घेऊन चढलो, दोन स्टेशनांनी उतरवलं, दंड भरला आणि कार्डावरचं सगळं समोर उभं राहून डिलीट करायला लावलं. चूक आमचीच होती, पण त्या दिवशीचा हिरोचा एकमेव बरा टेक गेला त्याचं अजून वाईट वाटतं.

स्वस्तातला उपाय सांगतो. दोन सीटांचा सांगाडा बनव, सुतार करून देतो, एका हॉलमध्ये ठेव, खिडकीला तीन आडव्या दांड्या, बाहेर पूर्ण काळोख आणि दोन पोरं ट्यूब घेऊन एकाच दिशेने पळत राहतील. क्लोजअपमध्ये कोणाला कळत नाही. फक्त सेकंदाला २५ फ्रेमने शूट करणार असशील तर शटर १/५० सेकंद ठेव, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर ट्यूबलाइट फडफडताना दिसते आणि ते नंतर एडिटला निघत नाही. हलक्या एलईडीचा काही भरवसा नाही, त्या आधी मोबाइलवर चेक करून घे.

आणि ड्रोनचा मोह होईल, पामबीच रोड वरून मस्त दिसतो वगैरे. नको. एअरपोर्ट जवळ आहे, नसत्या भानगडीत पडू नकोस.

---

सानपाडा_काकू

मला सिनेमातलं फार कळत नाही पण ट्रेनमधलं कळतं, बावीस वर्षं सानपाडा ते ठाणे केलंय, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. केतकी का कविता जी कोण असशील ती, तुझ्या गोष्टीत पहिल्याच पानाला चूक आहे. रात्रीच्या वेळी लेडीज डब्यात पोलीस नाहीतर होमगार्ड असतो. पेंगत असेल, मोबाइल बघत असेल, पण असतो. तुझ्या डब्यात तो कुठे गेला? शिवाय रात्रीच्या रिकाम्या डब्यात शिरलेली कुठलीही बाई आधी दुसऱ्या बाईकडे नीट बघते, मग बसते, सगळी सावध असते. त्या वेळेला कोणी कोणाशी गोड बोलत नाही गं.

सावध नसतो आपण कधी माहितीये? सकाळी आठ-साडेआठला. तुफान गर्दी असते, पण रोजचे चेहरे असतात, म्हणून.

आमचा ग्रुप होता अकरा बायकांचा. वाढदिवस, हळदीकुंकू, दसऱ्याला डब्याला तोरण, भोंडल्याची गाणी पण म्हटलीयेत दोन वेळा. एका उन्हाळ्यात एक बाई यायला लागली, चाळिशीची असेल, कोणाची ओळखीची म्हणून आली ते आता आठवत नाही, आणि गंमत हीच आहे की कोणालाच आठवत नाही. फार चांगली होती. पर्समध्ये सेफ्टी पिना, डोकेदुखीची गोळी, राजगिऱ्याचे लाडू. मला रोज खिडकी धरून ठेवायची, माझी कंबर दुखायची तेव्हा. तिला आम्ही काय काय सांगितलं असेल! कोणाचा नवरा नाइट शिफ्टला असतो, कोणाची मुलगी परीक्षेला पुण्याला गेलीये, कोणाकडे शेजारी चावी असते. ती काही विचारायची नाही हं, नुसती ऐकायची, आणि पुढच्या आठवड्यात बरोब्बर आठवण ठेवून विचारायची, काय गं मिळाला का रिझल्ट. आपल्या घरची माणसं एवढं लक्षात ठेवत नाहीत, म्हणून बरं वाटायचं.

चार महिन्यांनी ती यायची थांबली. दोन दिवस, चार दिवस, आम्ही म्हटलं फोन करूया. तर नंबर कोणाकडेच नाही. ग्रुपमध्ये नव्हती, माझा साधा फोन आहे म्हणायची. आडनाव कोणालाच माहीत नाही. मी शपथेवर सांगत होते की ती वाशीला चढते, शोभा म्हणाली छे, तुर्भ्याला, आणि तिसरी म्हणाली अगं आपण चढायचो तेव्हा ती आधीच बसलेली असायची.

तिने काही चोरलं नाही. कोणाचं काही वाईट झालं नाही. पण त्यानंतर महिनाभर मी घरातून निघताना कुलूप दोनदा ओढून बघत होते, आणि का ते यांना सांगता येत नव्हतं.

तर "उतरत का नाही" याचं माझ्यापुरतं उत्तर सांगते. जिने चार महिने तुझ्यासाठी खिडकी धरली, तिच्या शेजारून उठून दुसरीकडे जाऊन बसायचं म्हणजे वाईट दिसतं. एवढंच. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

---

फक्त_ट्विस्ट_सांगा

बाई म्हणजे तीच मुलगी ३० वर्षांनंतरची. घ्या. फुकट.

---

खैरणेची_के

@ट्विस्ट भाऊ तो आमचा दुसरा ड्राफ्ट होता, फाडला.

काकू मला काटा आला वाचून, खरंच. मी ऑफिसमध्ये वाचलं आणि परत येताना लोकलमध्ये शेजारचीकडे बघितलंच नाही. होमगार्ड माझ्या लक्षातच नव्हता, लाज वाटली, रोज बघते तरी. म्हणजे तुम्ही म्हणताय की रात्र काढूनच टाकायची? पण मग भीती कशी आणायची, सकाळी साडेआठला कोण घाबरतं?

---

पात्र_क्रमांक_तीन

काकूंनी पूर्ण स्क्रिप्ट लिहून दिली आहे, तुला फक्त टाइप करायचंय.

मी नाटकवाला माणूस, गडकरी रंगायतनला पडद्यामागे बरीच वर्षं घासलीयेत, तर माझं म्हणणं ऐक. थ्रिलर लिहिणारा नवीन माणूस पहिली चूक काय करतो तर दार बाहेरून बंद करतो. पूर आणतो, पूल तोडतो, नेटवर्क घालवतो. तुझी बॅटरी, पाय, पाऊस, तीच जात. ते दार बाहेरून लावलं की प्रेक्षक आरामात बसतो, कारण त्याला माहीत असतं की आपल्यावर असा पूर येणार नाहीये. दार उघडं ठेव आणि तिला उठता येऊ नये असं कर, मग तो आपल्या खुर्चीत चुळबुळ करायला लागतो कारण हे त्याच्याबरोबर मागच्याच आठवड्यात झालेलं असतं, कुठल्या तरी लग्नात, कुठल्या तरी काकांबरोबर. हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण (बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत, टेबलाशी बसलेल्यांना नाही) सगळे देतात म्हणून मी त्यावर बोलत नाही.

तरी भूगोलाचा थोडा आधार घ्यायचा असेल तर घे, तो आपल्याकडे आयता आहे. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं. त्याच्या आधी ऐरोली सुटली की थेट ठाणे, मध्ये काही नाही. गोष्ट २०२३ च्या आधी ठेव आणि ती महत्त्वाची ओळ बाईच्या तोंडी ऐरोलीचा फलाट मागे पडल्या पडल्या टाक. ओरडायची गरज नाही, आजूबाजूला पन्नास बायका आहेत, कोणीतरी भाजी निवडतंय, कोणीतरी स्तोत्र म्हणतंय, आणि हिला पुढची काही मिनिटं शेजारीच बसायचंय, हसत.

बजेटबद्दल. शनिवार-रविवारचं शूट हा कमीपणा समजू नकोस. ख्रिस्तोफर नोलनची पहिली फिल्म, फॉलोइंग, १९९८ ची, अनोळखी लोकांच्या मागे मागे फिरणाऱ्या माणसाचीच गोष्ट आहे, ती त्यांनी सगळ्यांच्या नोकऱ्या सांभाळून सुट्टीच्या दिवशी साधारण वर्षभर शूट केली. फिल्मचा रोल महाग म्हणून आधी नाटकासारख्या तालमी केल्या आणि एका-दोन टेकमध्ये सीन काढले. तुमच्याकडे रोल नाही, कार्ड आहे, म्हणून तुम्ही चाळीस टेक घ्याल आणि संध्याकाळी सातला लोकेशनवाला हाकलेल तेव्हा तीन सीन बाकी असतील. तालीम करा. एकांकिकावाले आहात ना, हीच तुमची एक गोष्ट फुकट आहे.

आपल्याकडचं पण उदाहरण आहे, यश चोप्रांचा इत्तेफाक, १९६९. एक रात्र, बहुतेक सगळं एका घरात, गाणं एकही नाही, मूळ गुजराती नाटक, महिन्याभरात शूट उरकलं. त्या काळात राजेश खन्नाला घेऊन गाणं नाही म्हणजे बघ.

---

फक्त_ट्विस्ट_सांगा

गाणी नसतील तर मराठी पब्लिक यूट्यूबवर पण बघणार नाही, लिहून घ्या.

आणि बाईला नक्की काय हवं असतं ते तरी ठरवा राव. पैसे? मुलगी? फ्लॅट? शेवटी कळलंच पाहिजे नाहीतर लोक कमेंटमध्ये शिव्या घालतात, मी स्वतः घालतो.

---

पात्र_क्रमांक_तीन

घालू देत की. स्पीलबर्गच्या ड्युएलमध्ये, १९७१ चा टीव्हीसाठीचा पिक्चर, एक ट्रक एका माणसाच्या मागे लागतो आणि ट्रकवाल्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, कारणही कळत नाही. हात दिसतो, बूट दिसतात. पन्नास वर्षं होऊन गेली, लोक अजून बोलतायत.

पण इथे मी थोडा ट्विस्टभाऊंच्या बाजूने आहे, म्हणजे लेखिकेला माहीत पाहिजे बाईला काय हवंय, प्रेक्षकाला नाही सांगितलं तरी चालेल. नाहीतर नटी काय करणार? तिला नुसतं "गूढ बघ" सांगितलंस तर ती डोळे मोठे करेल आणि पिक्चर गेला. तिला सांग, तुला या मुलीच्या घरात एक रात्र झोपायचंय. बास, एवढंच. मग ती राजगिऱ्याचा लाडू कसा पुढे करते बघ.

---

बूमवाला_बेलापूर

सगळे कॅमेऱ्यावर बोलतायत, आवाजाचं कोणीच बोललं नाही म्हणून येतोय. लो बजेट फिल्म चित्र खराब असल्याने पडत नाही, आवाज घुमल्याने पडते. साडेतीन लाखातले निदान पन्नास हजार आवाजाला वेगळे काढ आणि त्यांना हात लावू नकोस, जेवणाचे कमी पडले तरी.

घरातल्या सीनला पंखा बंद, फ्रिज बंद (फ्रिजमध्ये गाडीची चावी ठेवायची म्हणजे निघताना परत चालू करायचं राहत नाही, लोकेशनवाल्यांच्या दुधाचे शाप लागतात), शेजाऱ्यांना मिक्सरची वेळ विचारून ठेव, आणि प्रत्येक खोलीत सगळ्यांनी एक मिनिट पुतळ्यासारखं उभं राहून नुसती रिकामी खोली रेकॉर्ड करा. हा एक मिनिट एडिटला सोन्यासारखा वापरतात. नवीन पोरं हसतात त्या मिनिटात, मग परत.

आता भीतीचं. ट्रेनचा आवाज तुला चोरून घ्यायला नको, तो रुळांजवळच्या कुठल्याही बिल्डिंगच्या गच्चीतून मिळेल, आतल्या खडखडाटासाठी सुताराच्या सांगाड्यावर पत्रा हलव. पण माझ्याकडे याहून भारी गोष्ट आहे तुझ्यासाठी. जुन्या सिडकोच्या नाहीतर ९० च्या दशकातल्या बिल्डिंगा आठव, जाळीच्या दाराची लिफ्ट. दार नीट लावलं नाही की ती रेकॉर्ड केलेली बाई सुरू होते, कृपया दरवाजा बंद करें, कृपया दरवाजा बंद करें, थांबतच नाही. रात्री अकराला मुलगी घरात एकटी आहे आणि खालच्या मजल्यावरून हे ऐकू येतंय. पाच मिनिटं. कोणीतरी लिफ्टमधून बाहेर पडलंय आणि दार मुद्दाम उघडं ठेवलंय. ती जाऊन दार लावेल की नाही? आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी वैतागून जाऊन लावलंय ते दार. ती चप्पल घालून एक मजला खाली उतरते, दार लावते, आवाज थांबतो, आणि वर आपलं घर उघडं आहे.

झीरो रुपये.

---

खैरणेची_के

बूमवाला दादा!!! मी आमच्या ग्रुपवर हे टाकलं, पाचच्या पाच जणांनी फक्त शिव्या पाठवल्या, चांगल्या अर्थाने.

ओके तर आता काय ठरतंय ते सांगते, कुठे भोक असेल तर दाखवा. रात्रीची लोकल कट. सगळं सकाळी साडेआठला, गर्दीत, २०२२ मध्ये. पहिली वीस मिनिटं भीतीचं काहीच नाही, फक्त एक मुलगी जिला नव्या शहरात नवी नोकरी लागलीये आणि जिच्यासाठी एक बाई रोज जागा धरते. तिला छान वाटतं, आपल्याला पण. मग एक दिवस बाई म्हणते, काल रात्री उशीर झाला ना गं झोपायला, लाइट चालू होता. ऐरोलीनंतर. नंतर सगळं फ्लॅटमध्ये. फ्लॅट भाड्याचा, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, त्यामुळे सोसायटीत हिला पण कोणी ओळखत नाही, तिथे हीच अनोळखी आहे. हे मला काकूंचं वाचल्यावर सुचलं, की बाईचं आडनाव कोणाला माहीत नव्हतं तसं हिचं पण कोणाला माहीत नाहीये.

लिफ्टसाठी जुनी बिल्डिंग आणि रिकामेपणासाठी नवीन टॉवर, दोन्ही एकत्र कुठे मिळणार हा घोळ आहे, पण आवाज वेगळा लावता येईल, बरोबर ना दादा?

राहिला तो गेटचा प्रश्न. अ‍ॅप, वॉचमन, रजिस्टर. बाई आत येते कशी? मी मेडचा पास, नकली कुरिअर, सगळं लिहून बघितलं, सगळं चोरांच्या पिक्चरसारखं वाटतं.

---

बूमवाला_बेलापूर

लिफ्टचा आवाज मी देतो, माझ्याकडे आमच्याच बिल्डिंगचा रेकॉर्ड केलेला आहे, सेक्रेटरी मला वेडा समजतात. नवीन टॉवरला दाखवू नकोस फक्त दार, जिन्यातून ऐकव.

---

ठाणे_वेस्ट_वाला

रिकामा टॉवर पाहिजे तर उलव्यात बघ. संध्याकाळी बामणडोंगरीला उतरून नुसतं वर बघत चाल, सात मजल्यात तीन खिडक्यांना लाइट. आता एअरपोर्टमुळे भरत चाललंय, म्हणून लवकर कर. ब्रोकरकडून घेऊ नकोस, शूटिंग म्हटलं की भाडं तिप्पट.

गेटचं मला पण सुचत नाहीये. आमच्याकडे माझ्या सख्ख्या मामाला पंधरा मिनिटं बाहेर उभं केलं होतं.

---

सानपाडा_काकू

अगं ब्रोकर कशाला, माझ्या बहिणीचा उलव्यात टू बीएचके आहे, घेऊन ठेवलाय, ती पुण्यात असते. पाचवा मजला, फर्निचर नाही, पंखे आणि गॅस आहे. दोन शनिवार-रविवार वापरा, लाइट बिल द्या बास. देवघराच्या भिंतीला काही चिकटवू नका आणि मांसाहार नको, तिला वास कळतो.

---

खैरणेची_के

काकूऽऽ तुम्ही खरंच? आपण एकमेकींना बघितलं पण नाहीये! मी तुमच्यासाठी पेरू घेऊन येते. चावी कुठून घ्यायची, आणि गेटवर अ‍ॅपची एन्ट्री बहीण करतील का पुण्याहून, का तुम्ही?

---

सानपाडा_काकू

काही एन्ट्री वगैरे लागत नाही. चावी वॉचमनकडेच असते. गेटवर नाव-बिव सांगत बसू नकोस, हातात एक पिशवी ठेव, आणि सरळ "पाचव्या मजल्यावरच्या ताईंनी पाठवलंय" म्हण. सोडतो तो. माझी मोलकरीण, प्लंबर, सगळे असेच जातात.

---

पात्र_क्रमांक_तीन

के, गेटचा सीन मिळाला. लिहून घे पटकन.

---

सानपाडा_काकू

कुठला सीन?